रिकाम्या जागेतली श्रद्धा

अंतिम सत्य नाकारलं की धर्माचं काही उरतच नाही, असं म्हटलं जातं; ते मला पटत नाही. ज्यू परंपरेतच त्याला भक्कम उत्तर आहे. इस्रायलचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, शागार (१९४९–२००७) येशिवात, म्हणजे धर्मपाठशाळेत, तालमूद हा ज्यू धर्मग्रंथ शिकवत. १९७३च्या युद्धात ते गंभीर जखमी झाले होते. सर्वांसाठी एकच अंतिम सत्य नाही असं मानणाऱ्या उत्तराधुनिक विचाराला शत्रू न मानता त्यांनी तो आपल्याच कब्बालाच्या, म्हणजे ज्यू गूढविद्येच्या, आधारे वाचला.

सोळाव्या शतकात सफेद या गावातल्या इसहाक लुरिया या कब्बालाच्या आचार्यांच्या शिकवणीत अशी मांडणी आहे की, विश्वाला जागा मिळावी म्हणून ईश्वराने स्वतःला आवरून घेतलं. ब्रेस्लव गावचे रब्बी नाखमन पुढच्या काळात म्हणाले, त्या रिकाम्या जागेतून उठणाऱ्या प्रश्नांना तर्काने उत्तर नाही. तिथे फक्त श्रद्धेनेच पार होता येतं. शागारांना आजचं निराधारपण हीच ती जागा वाटली. पुराव्याचा आधार सुटला की श्रद्धा सिद्ध करण्याचं ओझंही सुटतं. माणूस आपल्या घरात राहतो तसा तो तिच्यात राहतो, शेजारचं घर खोटं ठरवण्याची गरज पडत नाही.

मला हे फार मोलाचं वाटतं, विशेषतः धर्माच्या नावाने सतत भांडणाऱ्या आपल्या काळात.

अडचण मात्र खरी आहे. श्रद्धा जर आपण केलेली निवड असेल, तर हलाखा, म्हणजे धर्मनियम, बंधनकारक कशाने? फ्रेंच ज्यू तत्त्वज्ञ लेविनास इथे वेगळ्या टोकाहून येतात : समोरच्या माणसाचा चेहराच मला बांधून घेतो, मी निवड करण्याआधीच. शागारांच्या मांडणीला ही जोड हवी, असं माझं मत आहे.