रवांडा १९९४: शेजारी आपणहून उठले, की त्यांना कामाला लावलं?

नदीकाठ (धागाकर्ती)

नरसंहाराचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर होतं, एक दिवस भडका उडाला. भडका म्हटलं की कुणाचीच जबाबदारी उरत नाही, म्हणून मला ते फार सलतं. मी कायदा शिकवते. दरवर्षी वर्गात रवांडाचा आकायेसू खटला घेते, आणि दरवेळी वाचताना वाटतं की तिथे भडका उडालाच नव्हता, कामाची वाटणी झाली होती.

६ एप्रिल १९९४ च्या रात्री किगालीला उतरत असताना राष्ट्राध्यक्ष जुवेनाल हाब्यारिमाना यांचं विमान पाडलं गेलं. पुढच्या सुमारे १०० दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. बहुतेक तुत्सी, म्हणजे तिथली अल्पसंख्य जमात, आणि या कत्तलीच्या आड आलेले बहुसंख्य जमातीचे हुतूही. दुसऱ्याच दिवशी सकाळी पंतप्रधान आगाथ उविलिंगियिमाना यांना ठार केलं. त्या स्वतः हुतू होत्या. बेभान झालेला जमाव पहिल्या काही तासांत आपल्याच जमातीच्या पंतप्रधानांना शोधून काढून मारतो का? सत्तेच्या वाटेत कोण उभं आहे, याची यादी ज्यांच्याकडे तयार होती त्यांचं हे काम.

आता आकायेसूबद्दल. जाँ-पॉल आकायेसू हा ताबा नावाच्या कम्यूनचा प्रमुख. कम्यून म्हणजे साधारण आपल्या तालुक्यासारखं. आधी शिक्षक, मग शाळा तपासनीस, गावात मान असलेला माणूस. विमान पडल्यावर जवळपास दोन आठवडे त्याने ताबात हिंसा होऊ नये म्हणून प्रयत्न केले, हे या नरसंहारासाठी संयुक्त राष्ट्रांनी आरुशाला (टांझानिया) नेमलेल्या न्यायाधिकरणानेही मान्य केलं आहे. १८ एप्रिलला हंगामी सरकारने कम्यूनप्रमुखांची बैठक घेतली. तिथून परतलेला आकायेसू वेगळाच होता. त्यानंतर कम्यूनच्या कचेरीत आसऱ्याला आलेल्या बायकांवर त्याच्या डोळ्यांदेखत अत्याचार झाले. ताबात किमान २,००० तुत्सी मारले गेले.

दक्षिणेतल्या बुतारे जिल्ह्यातही तेच. तिथला प्रीफेक्ट, म्हणजे जिल्ह्याचा प्रमुख, जाँ-बाप्तिस्त हाब्यालिमाना देशातला एकमेव तुत्सी प्रीफेक्ट होता. त्याने जिल्हा शांत ठेवला होता. त्याला काढलं, १९ एप्रिलला हंगामी राष्ट्राध्यक्ष सिंदिकुब्वाबो यांनी तिथे येऊन भाषण केलं, आणि दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या माजी राणी रोझाली गिकांडा यांना घरातून नेऊन मारलं. द्वेष जर सगळीकडे सारखाच साठलेला होता, तर तो प्रीफेक्ट बदलण्याची वाट का बघत बसला?

मारण्याला तिथे ‘काम’ म्हणत. रवांडात उमुगांडा नावाचं सक्तीचं श्रमदान होतं. गावाने ठरल्या दिवशी एकत्र येऊन रस्ते, बांध करायचे. त्याच सवयीच्या शब्दात, त्याच प्रमुखांच्या हाकेवर लोकांना कोयते घेऊन बोलावलं गेलं. यंत्रणा लागत असेल तर ती अडवताही येते, असं माझं म्हणणं आहे. तुम्हाला काय वाटतं?

उंबरठा

आदेश वरून आला हे मान्य. पण कोयता कुणाच्या हातात होता? तुमच्या मांडणीत सामान्य माणूस कळसूत्री बाहुली होतो, आणि त्याला मोकळं सोडणं मला पटत नाही.

१९५९ पासून तिथे तुत्सींच्या कत्तली होत होत्या, लोक देश सोडून पळत होते. ऑक्टोबर १९९० मध्ये निर्वासितांच्या मुलांची रवांडन देशभक्त आघाडी युगांडातून चाल करून आली. शेजारच्या बुरुंडीत १९७२ मध्ये तुत्सी लष्कराने हुतूंना प्रचंड संख्येने मारलं, आणि ऑक्टोबर १९९३ मध्ये तिथल्या पहिल्या निवडून आलेल्या हुतू राष्ट्राध्यक्षांचा, मेल्खियोर न्दादाये यांचा, लष्करातल्या तुत्सी अधिकाऱ्यांनी खून केला. रवांडातल्या हुतू शेतकऱ्याची भीती तुत्सींविरुद्ध भडकवणाऱ्या रेडिओने हवेतून निर्माण केली नव्हती. ती त्याच्या घरात होती.

गावपातळीवरच्या गाचाचा न्यायालयांनी २०१२ पर्यंत १९ लाखांहून जास्त प्रकरणं हाताळली. आदेश देणारे एवढे असतात का?

कोरडवाहू

तुम्ही दोघंही राजकारणच बोलताय. जरा पोटाकडे बघा. रवांडाची कमाई कॉफीवर होती. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करार मोडला आणि भाव कोसळले. आफ्रिकेतल्या सर्वांत दाट वस्तीच्या देशांपैकी एक, वाटण्या होऊन होऊन शेताचे तुकडे झालेले, पोरांना ना जमीन ना नोकरी ना लग्न. इंतेराहाम्वेच्या, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्या सशस्त्र तरुणांच्या, टोळ्यांत हीच पोरं होती. शेजारी मेला की त्याची जमीन, गाय, छपराचे पत्रे मोकळे. शेतकऱ्याच्या घरात वाढल्यामुळे सांगतो, बांधावरचं भांडण माणसाला कुठवर नेतं ते मी बघितलंय.

नदीकाठ

@कोरडवाहू, लूट झाली हे अगदी खरं. उंबरठा यांनी दिलेल्या १९ लाखांतली बहुसंख्य प्रकरणं मालमत्तेच्या लुटीची आणि नासधुशीचीच होती. पण कॉफीचे भाव पडलेले देश कितीतरी होते आणि बांधावरून भांडणं तर सगळ्या जगात होतात.

@उंबरठा, भीती खरी होती हे मी नाकारत नाही. मारणाऱ्याला सोडून द्या असंही म्हणत नाही. पण भीतीला हात-पाय लागतात कशाने, ते बघू. रवांडाच्या ओळखपत्रावर ‘उब्वोको’ अशी एक ओळ असायची. उब्वोको म्हणजे वंश. हुतू, तुत्सी, त्वा (तिसरी, अगदी छोटी जमात), आणि नागरिकत्व घेतलेला परका, असे पर्याय छापलेले. लागू नसतील ते खोडायचे. बेल्जियमच्या राजवटीने १९३० च्या दशकात सुरू केलेली नोंद. नाकाबंदीवर कार्ड दाखवा म्हटलं की त्या एका न खोडलेल्या शब्दावर जगणं-मरणं ठरत होतं. ही नोंद रद्द करण्याची घोषणा १९९० मध्येच झाली होती. अंमलबजावणी झाली नाही. चेहऱ्यावरून ओळखू न येणाऱ्या, एकच भाषा बोलणाऱ्या, एकाच चर्चमध्ये जाणाऱ्या माणसांत हे कार्ड नसतं, तर शहरातल्या नाक्यावरच्या अनोळखी पोराला कोण कोण आहे हे कसं कळलं असतं?

उंबरठा

शहरात नसतं कळलं, मान्य. गावात मात्र कार्ड लागलंच नाही. शेजाऱ्याला शेजाऱ्याची जात माहीत असते, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. माझा मुद्दा तोच आहे.

पिंपळपार

मी फौजेतून निवृत्त झालोय. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत काँगोत एक वर्ष काढलं, म्हणून या धाग्यावर लिहावंसं वाटलं. तिथे प्रत्येकाच्या खिशात एक छापील कार्ड असतं: हत्यार कधी उचलायचं, गोळी कधी चालवायची. ते बाहेरून वाचताना सोपं वाटतं. समोर बायका-पोरं रडत उभी असताना तेच कार्ड छातीवर दगडासारखं बसतं.

रवांडातल्या शांतिसेनेचे प्रमुख कॅनडाचे जनरल रोमेओ डॅलेर. ११ जानेवारी १९९४ ला त्यांनी न्यूयॉर्कला फॅक्स पाठवला: एका माहीतगाराने सांगितलंय की किगालीतल्या तुत्सींची नोंदणी करून घेतली जातेय, शस्त्रं लपवलेली आहेत, २० मिनिटांत १,००० माणसं मारायची तयारी आहे. शस्त्रसाठ्यांवर छापा घालायची परवानगी त्यांनी मागितली. शांतिसेना विभागाने नाही म्हटलं, हे तुमच्या अधिकारात बसत नाही. तीन महिने आधीची गोष्ट आहे ही.

मग ११ एप्रिल. किगालीतल्या एका तांत्रिक शाळेत सुमारे २,००० लोक बेल्जियन सैनिकांच्या भरवशावर येऊन राहिले होते. बाहेर टोळ्या थांबलेल्या. सैनिकांना निघायचा हुकूम आला आणि ते निघाले. त्यातले बहुतेक लोक त्याच दिवशी मारले गेले. २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने सुमारे २,५०० ची शांतिसेना २७० वर आणायचा ठराव केला.

सैन्य नव्हतं, विमानं नव्हती असं कुणी म्हणू नये. परदेशी नागरिकांना बाहेर काढायला ९-१० एप्रिलला फ्रेंच आणि बेल्जियन पॅराट्रूपर किगालीत उतरलेच होते. आपापली माणसं घेऊन परत गेले. आणि दुसऱ्या बाजूला सेनेगलचा कॅप्टन म्बाये दियान्य: हातात हत्यार नसलेला निरीक्षक, नाक्यानाक्यावर हसून, सिगारेट देऊन गाडीतून लोकांना थोडे थोडे करून बाहेर काढत राहिला. शेकडो जीव वाचवले. ३१ मेला नाक्यावर तोफगोळ्याच्या स्फोटात गेला. त्याचं नाव मी माझ्या जवानांना सांगत असे.

तिठा

पिंपळपार, तुमच्याबद्दल आदर आहे, पण ‘सैन्य पाठवा’ म्हणणं मला धोक्याचं वाटतं. २००५ मध्ये जगभरच्या नेत्यांनी ‘संरक्षणाची जबाबदारी’ मान्य केली, म्हणजे एखादं सरकार आपल्या लोकांना वाचवत नसेल तर जगाने पुढे यायचं, त्यामागे रवांडाच होतं. २०११ मध्ये तिचाच आधार घेऊन लिबियात विमानं गेली, नागरिकांचं रक्षण म्हणून सुरुवात झाली आणि सत्तापालटावर शेवट. नंतर त्या देशाचे हाल सगळ्यांनी पाहिले. भारत तेव्हा मतदानात तटस्थ राहिला, मला ते बरोबर वाटतं. शिवाय न्याय कुणाला? आरुशाच्या न्यायाधिकरणाने हरलेल्यांवरच खटले चालवले. १९९४ चं युद्ध जिंकलेल्या रवांडन देशभक्त आघाडीच्या सैनिकांनीही माणसं मारली होती. त्यांच्यातल्या एकावरही तिथे आरोपपत्र ठेवलं नाही. बलवानाला हात लागत नसेल तर असल्या न्यायालयांचा धाक कुणाला?

नदीकाठ

@पिंपळपार, मनापासून आभार. म्बाये दियान्यबद्दल आता वर्गात सांगेन.

@तिठा, जिंकलेल्यांवर खटले झाले नाहीत ही त्या न्यायाधिकरणावरची सर्वांत मोठी टीका आहे आणि ती रास्त आहे. लिबियाबद्दलही फारसा वाद घालत नाही. पण अडवणं म्हणजे दरवेळी बाँब नव्हे. केनियात डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर ११०० हून जास्त माणसं मारली गेली, टोळ्या जमात बघून माणसं मारत होत्या. संयुक्त राष्ट्रांचे माजी महासचिव कोफी अन्नान तिथे जाऊन बसले, आठवडेच्या आठवडे दोन्ही गटांना टेबलावरून उठू दिलं नाही, आणि २८ फेब्रुवारी २००८ ला राष्ट्राध्यक्ष किबाकी आणि विरोधी नेते ओडिंगा यांनी समझोत्यावर सह्या केल्या. १९९४ मध्ये डॅलेर यांचा तो फॅक्स ज्या विभागाने नाकारला, त्याचे प्रमुख हेच अन्नान होते.

आणि आपल्या घरचंही सांगते. १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नरसंहार हा गुन्हा ठरवा असा ठराव आणणाऱ्या तीन देशांत क्यूबा आणि पनामासोबत भारत होता. १९५९ मध्ये आपण नरसंहारविरोधी आंतरराष्ट्रीय करारालाही मान्यता दिली. पण आपल्या फौजदारी कायद्यात हा गुन्हा आजही नाही. १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडातल्या एका अपिलावर निकाल देताना दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ही उणीव तातडीने दूर करायला हवी असं बजावलं. त्यानंतर नवी न्यायसंहिता आली, तिच्यातही हे कलम नाही. सैन्य नको, विमानं नकोत. एवढं तर आपल्याच संसदेत होऊ शकतं ना?

उंबरठा

कलम यावं, माझा पाठिंबा आहे. तरी विचारतो, कारण हे मला खरोखर कळत नाही: माणसं मेल्यावर चार वर्षांनी आलेल्या निकालाने ताबाच्या त्या बायकांना काय मिळालं?

नदीकाठ

@उंबरठा, मेलेली माणसं परत आली नाहीत, याला माझ्याकडे उत्तर नाही. खटल्यात काय झालं तेवढं सांगते. आकायेसूवर सुरुवातीला बलात्काराचा आरोपच नव्हता. साक्षीला आलेल्या एका बाईने बोलता बोलता सांगितलं की तिच्या सहा वर्षांच्या मुलीवर तीन जणांनी बलात्कार केला. त्या पीठावर नवी पिल्ले होत्या, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या, भारतीय वंशाच्या, तिघांतल्या एकट्या बाई न्यायाधीश. साक्षीदाराला तिथेच गप्प न करता न्यायाधीशांनी पुढे विचारलं. आणखी बायका बोलल्या, जून १९९७ मध्ये आरोपपत्र दुरुस्त झालं आणि २ सप्टेंबर १९९८ ला निकाल आला: बलात्कार हेही नरसंहाराचंच कृत्य असू शकतं. कुठल्याही आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हे त्याआधी कधीही म्हटलं नव्हतं. ती आई जे बोलली ते कुणी तिला विचारलेलं नव्हतं.