पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिनांची सूची: यादीत मायटोकॉन्ड्रियाची प्रथिने का येतात?

प्रश्न
टी पेशी, मोनोसाइट (दोन्ही पांढऱ्या रक्तपेशी) आणि फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या पेशी) यांच्या पृष्ठभागावरील प्रथिनांची तुलनात्मक सूची करायची आहे. सल्फो-एनएचएस-एसएस-बायोटिनने (प्रथिनांना डायसल्फाइड बंधाच्या दुव्याने बायोटिन जोडणारं रसायन) लेबल करून, बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टॅव्हिडिन मण्यांवर पकडतो, मग मास स्पेक्ट्रोमेट्रीने (वस्तुमानावरून) ओळखतो. यादीत रायबोसोमची प्रथिने भरपूर आणि पायरुव्हेट कार्बोक्सिलेज (मायटोकॉन्ड्रियातलं एन्झाइम) सगळ्यात वर. फायब्रोब्लास्ट ट्रिप्सिनने (प्रथिने कापणाऱ्या एन्झाइमने) डिशपासून सोडवले आहेत. चुकतंय कुठे?

उत्तर १
आधी ट्रिप्सिन थांबवा. ते पृष्ठभागावरची प्रथिनेच कापतं. मग सूचीत उरणार काय? फायब्रोब्लास्ट डिशमध्ये चिकटलेले असतानाच लेबल करा.

रायबोसोम येतात ते मेलेल्या पेशींमुळे. बायोटिनचा हा प्रकार अखंड पटलातून आत जात नाही, पण फाटक्या पटलातून सहज जातो. लेबल करण्याआधी मृत पेशी काढाच. लेबलिंग थंड पीबीएसमध्ये (क्षारांच्या बफर द्रावणात), बायोटिन ०.२५ मिग्रॅ/मिली, ४ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे. थंडीत पेशी पटलावरची प्रथिने आत ओढत नाहीत. ट्रिस (अमाइन गट असलेला बफर) शेवटी, अभिक्रिया थांबवायला. आधीच्या धुण्यात ट्रिस किंवा सीरम राहिलं तर बायोटिन तिथेच खर्ची पडतं.

पायरुव्हेट कार्बोक्सिलेजला बायोटिन निसर्गतःच जोडलेलं असतं. मणी उकळू नका. ५० मिलिमोलर डीटीटीने (डायसल्फाइड बंध तोडणाऱ्या रसायनाने) लेबलमधला बंध तोडा, म्हणजे लेबल केलेली प्रथिने सुटतील आणि हे एन्झाइम बहुतांशी मण्यांवरच राहील. लेबल न केलेल्या पेशींचा कंट्रोल प्रत्येक प्रकारासाठी वेगळा हवा.

उत्तर २
प्रथिनांवरच्या शर्करेच्या वाटेनेही एकदा करून बघा: सौम्य पेरिआयोडेटने शर्करेचं ऑक्सिडीकरण, तिला बायोटिन-हायड्राझाइड जोडणं, आणि शेवटी पीएनगेज-एफने (अॅस्पॅराजिनवरची शर्करासाखळी, म्हणजे एन-ग्लायकन, तोडणाऱ्या एन्झाइमने) पेप्टाइड सोडवणं. शर्करा होती तिथल्या अॅस्पॅराजिनचं (अमिनो आम्लाचं) अॅस्पार्टिक आम्ल होऊन वस्तुमान ०.९८४ डाल्टनने वाढतं, म्हणजे जागेसकट पुरावा मिळतो. पण अॅस्पॅराजिन-ग्लायसिन जोडीत हा बदल आपोआपही होतो, म्हणून एन-एक्स-एस/टी क्रम (अॅस्पॅराजिन, प्रोलिन सोडून कोणतंही अमिनो आम्ल, मग सेरिन किंवा थ्रिओनिन) तपासल्याशिवाय नोंद करू नका. सीडी८१ या पृष्ठभागावरच्या प्रथिनाला एन-ग्लायकन नसतं, ते या पद्धतीत कधीच दिसणार नाही.

उत्तर ३
म्हणूनच तक्त्यात ‘सापडलं नाही’ च्या जागी शून्य लिहू नका, रिकामी जागा ठेवा. प्रत्येक नोंदीपुढे पद्धत आणि पेशी कशा सोडवल्या ते लिहा.

नुसत्या जनुकाच्या नावानेही भागत नाही. सीडी४५आरए आणि सीडी४५आरओ हे प्रथिनाचे दोन प्रकार एकाच पीटीपीआरसी जनुकाचे, पण टी पेशींचे गट त्यांवरूनच ओळखतात. आरएनएवरून रकाने भरण्याचा मोह तर टाळाच: टी पेशींतल्या सीटीएलए-४ या प्रथिनाचा बराचसा साठा पेशीच्या आत असतो. शंकास्पद नोंदी जिवंत, पटलाला छिद्रे न पाडलेल्या पेशींवर फ्लो सायटोमेट्रीने (चमकणाऱ्या अँटीबॉडी लावून एकेक पेशी मोजण्याने) तपासा; मोनोसाइटसाठी एफसी ब्लॉक (एफसी रिसेप्टर झाकणारं द्रावण) आधी द्या, नाहीतर अँटीबॉडी त्यांच्या शेपटाकडचा भाग पकडणाऱ्या एफसी रिसेप्टरलाच चिकटतील.