भावाच्या हेअर ट्रान्सप्लांटबद्दल सल्ला हवा आहे (मुंबई)

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ 26 वर्षांचा आहे, मुलुंडला राहतो. पुढचे केस बरेच विरळ झालेत. लग्नाचं बघणं चालू आहे, म्हणून त्याला ट्रान्सप्लांटची घाई झालीय. अंधेरीच्या एका क्लिनिकने पहिल्याच भेटीत एफयूई पद्धतीने 4000 ग्राफ्ट (म्हणजे डोक्यामागून काढून पुढे लावायची केसांची मुळं) सांगून ॲडव्हान्स मागितला. डॉक्टर भेटलेच नाहीत, सगळं काउन्सेलरच बोलल्या. मला हे फार खटकलं.

एफयूटी या दुसऱ्या पद्धतीत डोक्यामागची त्वचेची पट्टी काढतात आणि रेघेसारखा व्रण राहतो. एफयूईत साधारण 1 मिलिमीटरच्या पंच नावाच्या बारीक अवजाराने एकेक मूळ काढतात, एवढं समजलंय. पण दोन्हीत मागचा साठा मर्यादितच, काढलेलं मूळ तिथे पुन्हा येत नाही. गळती चालू असताना आत्ताच एवढे ग्राफ्ट वापरले तर चाळिशीत काय उरणार? आधी वर्षभर मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड ही केसगळतीवरची औषधं घेऊन पाहावं का? फिनास्टेराइडच्या दुष्परिणामांची त्याला धास्ती आहे.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया डॉक्टर करणार की टेक्निशियन, हे आधी लेखी मागता येतं का? केईएम, सायन किंवा नायरच्या त्वचारोग ओपीडीत निःपक्ष सल्ला मिळतो का? ज्यांनी करून घेतलंय त्यांनी वर्षभरानंतरचा अनुभव कृपया सांगा, खर्चासकट.