"आईबाप अडाणी, तिथे गुरुजी काय करणार?" या पोस्टला उत्तर

तुळजा_पाटोदा (रविवार, सकाळी 9:10)

काल तालुक्याच्या ग्रुपवर एका निवृत्त मुख्याध्यापकांची पोस्ट फिरत होती. सार असं: मूल वर्षाचे जेमतेम दोनशे-सव्वादोनशे दिवस शाळेत, तेही पाच-सहा तास, बाकी सगळा वेळ घरी. तेव्हा पाचवीतल्या पोराला दुसरीचं पुस्तक वाचता येत नसेल तर दोष घराचा. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी पोरांच्या शिक्षणाची अपेक्षाच धरू नये, असंही शेवटी होतं. खाली अंगठ्यांची रांग. मला रात्रभर झोप लागली नाही.

मी त्याच घरातली. आई-दादांचा कोयता होता, म्हणजे दोघं जोडीने ऊसतोडीला जायची. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची, बिऱ्हाड निघायचं ते पाडव्याच्या आसपास परत. तिसरीपर्यंत मीही कोपीवर, म्हणजे तोडीच्या झोपडीत, होते. भावाला कडेवर घेऊन वाढे, उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायचे, हाच माझा अभ्यास. चौथीला नवे गुरुजी आले. दादांनी मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतली त्याच आठवड्यात ते घरी आले आणि म्हणाले, "यंदा पोरीला आजीपाशी ठेवा, बाकी मी बघतो." आजीला अक्षर ओळखत नव्हतं. गुरुजी दर गुरुवारी उंबऱ्यावर बसायचे आणि मला नाही, आजीला काम सांगून जायचे. त्या वर्षी मी वाचायला शिकले. आज सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे.

घरचा सहभाग आपोआप होत नाही. तो मागावा लागतो, आणि कुठल्या घराकडून काय मागायचं हे शिक्षकाला कुणीतरी शिकवावं लागतं. आमच्या गुरुजींचं त्यांनाच सुचलं. बाकीच्यांना कोण शिकवणार?

खडू_फळा (सकाळी 10:02)

ताई, तुमच्या गुरुजींना नमस्कार. पण मी 19 वर्षं जिल्हा परिषदेत आहे, म्हणून लिहितो. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग. माझ्याकडे पहिली आणि तिसरी एकत्र. पालकसभेची चिठ्ठी 41 घरांत जाते, येतात सहा. त्यातले दोन पोषण आहाराच्या तांदळाची चौकशी करायला. "मूल घरी वाचतं का?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "ते तुमचं काम, पगार कशाचा घेता?"

आणि प्रशिक्षणाचं म्हणाल तर ते कमी नाही, नको इतकं आहे. राज्यावर जे तीन दिवस चालतं ते जिल्ह्यावर दोन दिवसांत, तालुक्यावर एका दिवसात आणि केंद्रावर, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटात, दोन तासांत उरकतं. आमच्यापर्यंत चहा आणि हजेरीपट पोहोचतो. निष्ठा या सरकारी ऑनलाइन प्रशिक्षणाची मोड्यूलं दीक्षा अॅपवर रात्री अकराला पूर्ण केली, कारण दुसऱ्या दिवशी टक्केवारी द्यायची होती. नव्या शैक्षणिक धोरणात वर्षाला 50 तास लिहिलेत. तास भरतील. पालकांशी कसं बोलायचं यावर एवढ्या वर्षांत एक तासही झालेला मला आठवत नाही.

रोकठोक_दारव्हा (सकाळी 10:40)

पालकसभा किती वाजता ठेवता, सर? आमच्या शाळेत सकाळी अकराला. सोयाबीनच्या सोंगणीत अकराला कोण येईल, दिवसाची मजुरी बुडवून? मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. कायद्याने समितीत 75 टक्के पालक, निम्म्या बायका. प्रत्यक्षात बायकांच्या सह्या पोरांच्या हाती रजिस्टर पाठवून घेतल्या जातात. मी ते बंद केलं म्हणून माझ्यावर राग.

संध्याकाळी सातला सभा घ्या म्हटलं, तर सर गावात असतील तर ना! पाचला गाडीला किक. गावात राहत नाहीत, मुख्यालयी म्हणजे नोकरीच्या गावी राहण्याचा घरभाडे भत्ता मात्र घेतात. ज्या माणसाला माझ्या गावातला अंधार माहीत नाही त्याला माझं पोर कंदिलात अभ्यास करतं की नाही हे कसं कळणार?

खडू_फळा (सकाळी 10:58)

आला का मुख्यालयाचा मुद्दा. 2022 ला विधानसभेत गाजला तेव्हापासून प्रत्येक चर्चा इथेच येऊन पडते. मी 34 किलोमीटर अपडाऊन करतो. गावात भाड्याने खोली मिळत नाही, मिळाली तर संडास नाही. माझ्या आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा तालुक्याला असतं. सांगा, कुठे राहू?

रोकठोक_दारव्हा (सकाळी 11:05)

आईचं वाईट वाटलं, खरंच. पण मग भत्ता सोडा. सर गावातच राहतात असा ग्रामसभेचा खोटा ठराव मागायला माझ्याकडे येऊ नका. आणि आपली मुलं कुठल्या शाळेत आहेत तेही सांगा. 2015 साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने सरकारी नोकरांची मुलं सरकारी शाळेतच घाला म्हटलं होतं. तसं इथे झालं असतं तर आज हा धागाच निघाला नसता.

खडू_फळा (सकाळी 11:09)

माझी मुलगी कुठे शिकते तो माझ्या घरचा प्रश्न आहे. तुमच्या गावातले किती जण ट्रॅक्टर विकून पोरं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवतात ते मोजा आधी. पट कमी झाला की बदली आमची होते.

बदलापूरची_आई (सकाळी 11:30)

त्या पिवळ्या गाडीतल्या शाळेचं मी सांगते. वर्षाला 70 हजार फी. शाळेच्या लेखी पालकांचा सहभाग म्हणजे रात्री दहाला थर्माकोलचा ज्वालामुखी. मी 6:40 च्या लोकलने जाते, रात्री आठला घरी. पहिलीच्या मुलाच्या डायरीत लाल शाईने: "मदर टु टेक प्रॅक्टिस." बाप जणू नाहीच. शेवटी क्लास लावला, म्हणजे माझा "सहभाग" मी विकत घेतला. पोस्ट लिहिणाऱ्या सरांनी अडाणी आईबापांना बोल लावलेत. मी एम.कॉम. आहे, आणि माझ्या मुलाला अजून हातच्याची वजाबाकी येत नाही. शिक्षिका दर वर्षी बदलते, पगार 12 हजार. तिला कोण प्रशिक्षण देतं?

नीरा_काठ (दुपारी 12:15)

मुख्यालयावरून थोडं मूळ प्रश्नाकडे येऊ या का? मी बरीच वर्षं शिक्षक-प्रशिक्षणात काम केलंय. उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात 280 गावांत एक मोठा प्रयोग झाला, निष्कर्ष 2010 ला आले. गावसभा घेतल्या, समितीचे हक्क सांगितले, मुलं किती मागे आहेत हे गावकऱ्यांनाच तपासायला शिकवलं. त्याने ना शिक्षक बदलले ना शाळेतलं शिकणं. पण जिथे गावातल्या तरुणांना वाचन कसं घ्यायचं याचं थोडं प्रशिक्षण दिलं, तिथे त्यांच्या वर्गाला आलेली मुलं वाचू लागली. राजस्थान-बिहारमध्ये आयांना साक्षरतेचे वर्ग आणि घरी मुलांसोबत काय करायचं याचं मार्गदर्शन देऊन पाहिलं. मुलांचं गणित थोडं सुधारलं, फार नाही.

म्हणजे नुसतं "पालकांनी लक्ष द्या" म्हणून काही होत नाही. असर ही खेड्यांतल्या मुलांच्या वाचन-गणिताची देशभर होणारी पाहणी. तिच्यात 2024 ला ग्रामीण सरकारी शाळांतली पाचवीची 44.8 टक्के मुलं दुसरीचा उतारा वाचू शकली. 2022 ला 38.5 टक्के होती. हे शिकवण्याने हललं की घराने, ते भांडून ठरणार नाही.

रोकठोक_दारव्हा (दुपारी 12:21)

मॅडम, जौनपूर राहू द्या. माझ्या गावात याल का?

नीरा_काठ (दुपारी 12:40)

येईन. पण तुम्ही कुमठे बीट ऐकलंय का? साताऱ्याचं. बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या हाताखालच्या शाळा. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी खडे, काड्या, मणी घेऊन बीटभरातल्या शाळांचं शिकवणं बदललं. राज्यातून हजारो शिक्षक बघायला गेले. ती मंडळी एकत्र बसायची, मूल कुठे अडलं यावर बोलायची. मी प्रशिक्षण म्हणते ते हे, हजेरीपट नव्हे.

खडू_फळा (दुपारी 1:10)

गेलो होतो मी, 2015 ला, स्वखर्चाने. तिथली मुलं पाहून रडू आलं होतं, खोटं नाही सांगत. परत आलो तर आदेश: सगळ्या शाळांनी फरशा रंगवा, फोटो टाका. लोकवर्गणी काढून आम्ही फरशा रंगवल्या. रंग दोन पावसाळ्यांत गेला. एकत्र बसायला वेळ कुणी दिला नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढंच अशैक्षणिक काम लिहिलंय. बाकी रोजची माहिती, लिंक, सेल्फी, फॉर्म कुठल्या कलमात बसतात?

आता 2025 च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणतं, पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हा. 19 वर्षं शिकवल्यावर मी पर्यायावर गोल करून सिद्ध करायचं की मी शिक्षक आहे.

रोकठोक_दारव्हा (दुपारी 1:25)

टीईटीचं मला नाही पटत, तिथे मी तुमच्या बाजूने. फरशीचंही खरं आहे, आमच्याकडेही रंगवल्या होत्या. पण मुख्यालयाचं मी सोडणार नाही.

खडू_फळा (दुपारी 1:31)

नका सोडू. सभा संध्याकाळी घेऊन बघतो. महिन्यातून एकदा, आईच्या डायलिसिसचा दिवस सोडून. यापेक्षा जास्त कबूल करणार नाही.

बदलापूरची_आई (दुपारी 1:50)

आमच्या शाळेला शनिवारी सभा ठेवा म्हणून मी तीन वेळा लिहिलंय. तुम्ही एका दुपारी मान्य केलंत.

खडू_फळा (दुपारी 2:05)

तुळजाताई, तुम्ही सकाळपासून गप्प आहात. एक विचारतो, वादासाठी नाही. माझ्या वर्गात या दिवाळीनंतर सात मुलं आजी-आजोबांपाशी राहतील. तुमचे गुरुजी आजीला नेमकं काय काम सांगायचे? जिला वाचता येत नाही तिला?

तुळजा_पाटोदा (रात्री 9:35)

ड्यूटीवर होते, आत्ता आले.

पहिल्या गुरुवारी गुरुजींनी आजीला विचारलं, "तुम्हाला गोष्टी येतात का?" आजी म्हणाली, "येतात की, पण त्या शाळंच्या न्हाईत." मग त्यांनी मला वहीत आजीची गोष्ट उतरवायला लावली, कावळ्या-चिमणीची, जशी ती बोलते तशी. आजीचं काम एवढंच, की रात्री भाकरी झाल्या की मी तिला तीच गोष्ट वाचून दाखवायची आणि तिने चुलीपाशी बसून ऐकायचं. माझा शब्द चुकला तर तिला कळायचा, कारण गोष्ट तिची होती. ती म्हणायची, "म्या आसं न्हाई म्हनले, परत बघ." मी परत बघायचे.

पाडव्यापर्यंत दोन वह्या भरल्या. आई-दादा परत आले त्या रात्री आजीनेच मला वही काढायला लावली. आईचे हात उसाच्या पानांनी चिरलेले होते, तिने वहीला हात लावला नाही, खराब होईल म्हणून. दादा म्हणाले, "हे समदं म्हातारीनं शिकवलं?"

सर, तुमच्या सातही घरी आधी गोष्टीचंच विचारा. कुणाला गोष्ट येत नसेल तर ओवी येत असेल, जात्यावरची.