विषय: रि: बकआइजचा भरीव क्लास कुठला, २०२० चा की २०२१ चा?

संजयकाका, तुम्ही ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या, म्हणजे बकआइजच्या, २०२१ च्या क्लासला (त्या वर्षी भरती झालेल्या पोरांना) सगळ्यात भरीव म्हणता ते मला काही पटत नाही. २०२० मधून सी.जे. स्ट्राउड, पॅरिस जॉन्सन आणि स्मिथ-एन्जिग्बा असे तिघं एनएफएल ड्राफ्टच्या (प्रो टीम कॉलेजची पोरं निवडतात त्याच्या) पहिल्या राउंडला गेले, तिघंही पहिल्या विसात आणि तेसुद्धा तीनच वर्षं खेळून. २०२१ मधून तीन वर्षांत पहिल्या राउंडला गेला तो एकटा मार्विन हॅरिसन ज्युनियर, बाकी तिघांना, एग्बुका, डॉनव्हन जॅक्सन आणि टायलिक विल्यम्सला, एक वर्ष जास्त लागलं. मग जास्त भरीव कसे?
– अनिकेत

अरे अनिकेत, वरची तीन-चार नावं मोजून डेप्थ कळत नाही रे. एग्बुका, जॅक्सन, विल्यम्स हे तिघं धर, त्यात त्याच क्लासचे सॉयर, तुईमोलोआउ, हेंडरसन, बर्क, हॅनकॉक मिळव, झाले आठ, आणि हे आठही जण २०२५ च्या ड्राफ्टमध्ये गेले. २०२३ नंतर यातले बरेच जण सहज एनएफएलला जाऊ शकले असते, कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनकडून सलग तीन वर्षं हरलेली पोरं ती, तरी परत आली, चौथ्यांदाही मिशिगनकडून हरली (ते १३-१० अजून खुपतं मला) आणि तरी २० जानेवारी २०२५ ला अटलांटात नोटर डेमला ३४-२३ हरवून नॅशनल चॅम्पियनशिपची ट्रॉफी घेऊन आली. आणि हे बघ, त्या क्लासचे दोन्ही क्वार्टरबॅक (बॉल फेकून खेळ चालवणारे) सोडून गेले होते, यूअर्स टेक्ससला आणि मॅकॉर्ड सिराक्यूजला, तरी क्लास कोलमडला नाही. उलट कॉटन बाऊलच्या सेमीफायनलला सॉयरनेच यूअर्सच्या हातातला बॉल उडवला आणि ८३ यार्ड पळत जाऊन टचडाऊन केला, आमच्या घरात सगळे उभे राहून ओरडत होते.

याच्या उलट टेक्सस ए अँड एमचा २०२२ चा क्लास घे. २४७ स्पोर्ट्सच्या कंपोझिट या भरतीच्या रँकिंगमध्ये तोवरचा सर्वात वरचा, आणि त्याच वर्षी टीम ५-७! पुढे त्यातला नोलन ओल मिसला गेला, एव्हन स्टुअर्ट ओरेगनला, ओव्हरटन अलाबामाला. सही केली त्या दिवशीचा नंबर घेऊन काय करायचं सांग.
– संजयकाका

काका, ए अँड एमचं मान्य. पण २०२४ च्या टीमचा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटहून आलेला, डाउन्स अलाबामाचा, जडकिन्स ओल मिसचा. मग ट्रॉफीचं श्रेय क्लासला किती आणि पोर्टलला (ज्यातून खेळाडू कॉलेज बदलतात) किती?
– अनिकेत

प्रश्न रास्त आहे. पण बाहेरून आणलेल्यांनी भोकं बुजवली, दोन्ही टोकांचे डिफेन्सिव्ह एंड सॉयर नि तुईमोलोआउ, कॉर्नर बर्क नि सीनियर रिसीव्हर एग्बुका घरचेच होते आणि चार वर्षं एकत्र सराव केलेले, त्यामुळे हॉवर्डला येऊन फक्त आपलं काम करायचं होतं. आणि आता जुन्यानव्या सीझनचे आकडे शेजारी ठेवताना जपून, आधी वर्षाला २५ च नवीन पोरं घेता यायची ती अट उठली, ८५ स्कॉलरशिपची मर्यादा जाऊन २०२५ पासून १०५ चा रोस्टर (टीममधल्या पोरांची एकूण मर्यादा) आला, २०२० वाल्यांना तर कोविडमुळे एक सीझन फुकट मिळाला, म्हणजे मोजमापच बदललंय. म्हणून मी क्लास तिसऱ्या सीझनच्या पहिल्या मॅचला मोजतो, किती पोरं अजून इथे आहेत आणि त्यातली किती स्टार्ट करतायत. तू २०२३ वाल्यांचं काढ, २०२२ चं मी काढतो, रविवारपर्यंत पाठव.
– संजयकाका