पाहुणे गेल्यावर बाहेर येणारी सई

गणपतीच्या तयारीसाठी काल माळ्यावरची लाकडी पेटी खाली काढली. तळाशी अंथरलेल्या जुन्या धाबळीवर राखाडी केसांचा एक पुंजका सापडला आणि पुढचा अर्धा तास माझ्या हातून काहीच काम झाले नाही. ते केस आमच्या मांजरीचे, सईचे होते. तिला जाऊन सहा वर्षे झाली.

सई कमालीची बुजरी होती, पण तितकीच चौकस. गॅसची टाकी जिन्याच्या पायऱ्यांवर आदळत वर येऊ लागली, की आम्हाला चाहूल लागण्याआधीच ती कपाटावर पोहोचलेली असे. टाकी आणणारे दादा गेले, दाराची कडी सरकली, की पाचेक मिनिटांनी ती भिंतीच्या कडेकडेने, पोट जवळजवळ फरशीला टेकवून येई. मान लांब पुढे काढलेली आणि मागचे पाय पळण्याच्या तयारीत. आधी टाकीचा तळ हुंगायचा, मग कडा, मग झाकणाची पांढरी दोरी. त्या दोरीला पंजाने एकदाच हात लावायचा, ती हलली की दोन फूट मागे उडी मारायची आणि पुन्हा पुढे यायचे. त्यानंतर दादा जिथे जिथे उभे राहिले होते, त्या फरशा ती दारापर्यंत एकेक करून तपासत असे. घरी आलेल्या प्रत्येकाची तिला पुरती माहिती हवी असे, फक्त तो माणूस गेल्यावर.

आपल्या घरीही असे मांजर असेल, तर त्याच्याविषयी अवश्य लिहावे.

चिंचगूळ
आमच्या कोकणातल्या घरी एक काळी-पांढरी भाटी होती. गणपतीत घर माणसांनी भरून जाई, झांजा वाजू लागत, आणि भाटी जी माळ्यावर कौलांखाली जाऊन बसे ती दिवसभर खाली उतरत नसे. एका वर्षी मध्यरात्री मला जाग आली, तेव्हा समईच्या उजेडात ती मखरासमोर उभी होती. तिने केवड्याचे पान हुंगले, दूर्वांची जुडी हुंगली, रिकाम्या पाटावर दोन पाय ठेवून वर पाहिले. शेजारी झोपलेल्या आजीने माझा हात घट्ट दाबून धरला आणि हलू दिले नाही. सगळे पाहून झाल्यावर ती तिथेच, आरतीच्या तबकाशेजारी, पाय अंगाखाली घेऊन बसली. आजी गेल्यानंतर मला तिची सर्वांत आधी आठवते ती ही रात्र.

रानजाई
धाबळीवरचे केस झटकू नका, एवढेच सांगायला आले आहे. कुकर लावला आहे, नंतर सविस्तर लिहीन.

दुपारची_झोप
आमची बिट्टी इमारतीच्या वाहनतळात सापडली, तेव्हा ती चार महिन्यांची होती. आता वर्षाची झाली, तरी सासूबाई खोलीत आल्या की ती पलंगाखाली जाते आणि तिथून त्यांच्या पैंजणांकडे टक लावून पाहत राहते. लसीकरणासाठी न्यायचे म्हटले, तर पिंजरा पाहूनच ती नाहीशी होते. तिला ओढून बाहेर काढावे का? माझ्या हातावर ओरखडे आहेत, पण मला काळजी वाटते ती तिच्या मनातल्या धास्तीची.

वेताची_टोपली
ताई, कृपया ओढून काढू नका. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचे असताना त्याला माणसांचा हात लागला, तर माणसे त्याला आपली वाटू लागतात. बिट्टीचा तो काळ आपल्या घरी येण्याआधीच उलटून गेला होता; त्यात आपला किंवा तिचा काहीच दोष नाही. पिंजरा आजच बाहेर काढा, दार उघडे ठेवा, आत आपली वापरलेली सुती साडी अंथरा आणि आठवडाभर त्याकडे ढुंकूनही पाहू नका. ती रात्री आत जाऊन तपासणी करील. ती आत दिसली, तरी लगेच दार लावू नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

उत्तरवारा
मी नेदरलँड्समध्ये राहते. इथल्या उत्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्राणी-निवाऱ्यात नव्याने आलेल्या काही मांजरांना लपण्यासाठी खोके दिले होते, आणि खोके न मिळालेल्या मांजरांपेक्षा ती लवकर सावरली. आमचा बोका निवाऱ्यातूनच आणलेला आहे. पुठ्ठ्याच्या खोक्याला मी दोन भोके पाडून दिली. एकातून तो आत जातो आणि दुसऱ्यातून आमचे जेवण पाहतो. पहिले तीन आठवडे मला त्याचे फक्त नाक ठाऊक होते. मग एके दिवशी मी फोडणी देत असताना हिंगाचा वास आला आणि तो पहिल्यांदा पूर्ण बाहेर येऊन ओट्याखाली उभा राहिला.

चिंचगूळ
हिंगाचे वाचून फार बरे वाटले. परदेशातल्या बोक्यालाही आपल्या फोडणीचे कुतूहल वाटावे!

वेताची_टोपली
बिट्टीसाठी आणखी एक सुचवते. तिच्याकडे रोखून पाहण्याऐवजी डोळे सावकाश अर्धवट मिटावेत आणि उघडावेत. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० सालच्या अभ्यासात असे दिसले, की माणसाने हे केल्यावर मांजरेही तसेच उत्तर देतात आणि पुढे केलेल्या हाताकडे अधिक येतात. सासूबाईंनाही सांगून पाहा.

दुपारची_झोप
सांगितले. त्या आज दुपारी पलंगाजवळ खाली चटईवर बसून शेंगा सोलत होत्या आणि मधूनमधून डोळे मिटत होत्या. बिट्टी बाहेर आली नाही, पण एक टरफल घरंगळत पलंगाखाली गेले, ते तिने पंजाने परत बाहेर ढकलले. सासूबाईंनी दुसरे आत सरकवले. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. दोघींचे बराच वेळ हेच चालले होते.

मूळ लेखिका
सर्वांचे मनापासून आभार. बिट्टीच्या टरफलाची हकीकत आज घरी सर्वांना वाचून दाखवली. धाबळी न झटकता तशीच घडी घालून पेटीत परत ठेवली आहे.