मदत हवी आहे : पायथनमधील ही चूक मानावी की नवी मागणी?

सप्रेम नमस्कार. जुन्या मराठी मजकुरातले शब्द मोजण्यासाठी मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील रेग्युलर एक्स्प्रेशनचे (म्हणजे ठरावीक नमुन्याचा मजकूर शोधण्याच्या सूत्रांचे) ‘री’ हे मॉड्यूल वापरत आहे. शब्दातील अक्षरे ओळखणारे ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ हे चिन्ह अधिक चिन्हासह दिले, तर ‘मराठी’ हा एकच शब्द हाती येण्याऐवजी ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे मिळतात. काना आणि वेलांटी मध्येच गळून पडतात. (पहिल्यांदा मी आपल्या फॉन्टलाच दोष दिला होता.)

माझी अडचण निराळीच आहे. हे चिन्ह अक्षरे, अंक आणि अधोरेखा एवढ्यांशीच जुळते, असे अधिकृत दस्तऐवजात म्हटलेले असल्याने प्रोग्राम लिहिल्याबरहुकूमच वागतो. मात्र युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या संगणकीय मानकाच्या रेग्युलर एक्स्प्रेशनविषयक शिफारशीनुसार मात्रांसारखी जोडचिन्हेही शब्दाचाच भाग मानायला हवीत. चूक मानली, तर दुरुस्ती चालू आवृत्त्यांतही येऊ शकते. नवी सुविधा ठरली, तर ती पुढच्या मोठ्या आवृत्तीतच येणार.

याच विषयावर पायथनच्या चुका व मागण्या कळवण्याच्या यादीत 2011 मधील एक नोंद आहे. पायथनच्या अशा नोंदी 2022 मध्ये गिटहब या प्रोग्राम साठवण्याच्या संकेतस्थळावर हलवल्या गेल्या, त्यांत तीही आली. तेव्हा माझे मराठी उदाहरण त्याच नोंदीखाली जोडावे, नवी नोंद करावी, की आधी सुधारणेचा प्रस्ताव म्हणून चर्चेला मांडावे? ‘रेजेक्स’ हे बाहेरचे मॉड्यूल वापरून माझे काम भागते, त्यामुळे तो पर्याय कृपया सुचवू नये. अशी नोंद स्वतः केलेल्या कोणी मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन.